त्यांना पाठवा, आणि परतल्यावर काम द्या

चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं ती संध्याकाळ २३ ऑगस्ट २०२३ ची. तेव्हापासून एक युक्तिवाद सारखा कानावर येतो. कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये येतो, शिष्यवृत्त्यांवरच्या चर्चेत येतो, एरवी समंजस बोलणाऱ्या माणसांच्या तोंडूनही येतो. तो असा: ही मोहीम आपल्याच देशातल्या साध्या कॉलेजांत शिकलेल्या माणसांनी पार पाडली. मग विमानं आणि अग्निबाण शिकायला करदात्यांच्या पैशाने मुलांना परदेशी कशाला पाठवायचं? शिकली की ती तिकडेच राहतात. तोच पैसा इथल्या कॉलेजांना द्या.

बोलणाऱ्यांची कळकळ खरी आहे, म्हणूनच या म्हणण्याला नीट उत्तर द्यायला हवं. माझ्या मते हा युक्तिवाद इतिहासाच्या बाबतीत चूक आहे, या विद्येच्या स्वरूपाबाबत चूक आहे, आणि त्याची किंमत सगळ्यात जास्त ज्यांना मोजावी लागते ती मुलं त्या चर्चेत हजरही नसतात.

त्यातला खरा भाग आधी मान्य करतो. तेव्हाचे इस्रोचे अध्यक्ष एस. सोमनाथ कोल्लमच्या टीकेएम कॉलेजातून इंजिनिअर झाले आणि पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकले. प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल विळुपुरमचे, पॉलिटेक्निकच्या डिप्लोमापासून सुरुवात करून आयआयटी मद्रासच्या पीएचडीपर्यंत गेलेले. या माणसांचा अभिमान वाटायलाच हवा. पण ज्या एलव्हीएम-३ वर बसून चांद्रयान गेलं, त्याच्या मधल्या द्रव इंधनाच्या टप्प्यात दोन इंजिनं असतात. त्यांचं नाव विकास. ती विद्या आपल्याकडे कशी आली, हे या चर्चेत कोणी सांगत नाही.

१९७४ साली इस्रोने फ्रान्सच्या एसईपी या कंपनीशी करार केला. फ्रान्स तेव्हा आपल्या एरियान अग्निबाणासाठी व्हायकिंग नावाचं इंजिन घडवत होता. कराराचा गाभा विलक्षण होता: भारताने आपले इंजिनिअर द्यायचे, त्यांनी शंभर मनुष्यवर्षं भरतील इतकं काम फ्रेंचांच्या बरोबरीने करायचं, आणि त्या बदल्यात इंजिनाचं ज्ञान घ्यायचं. आपली तरुण माणसं सीन नदीकाठच्या व्हर्नोन गावी जाऊन राहिली. ती आराखडे हाताळत होती, चाचण्यांना उभी राहत होती, बिघाड कुठे झाला ते शोधत होती. हातात नुसते नकाशे आले असते तर ते कपाटात पडून राहिले असते. नकाशात एखाद्या भागाचं माप असतं. ते माप तेवढंच का ठेवलं आणि त्याआधी किती वेळा बदललं, हे ते करणाऱ्या माणसालाच ठाऊक असतं. या माणसांनी परत येऊन इथे इंजिन बांधलं. १९८५ साली त्याची चाचणी व्हर्नोनलाच झाली आणि ते उत्तम चाललं. आज पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा, जीएसएलव्हीचे बाजूचे बूस्टर आणि एलव्हीएम-३ चा मधला टप्पा या सगळ्यांत हेच इंजिन आहे, आणि ते बनवण्यात मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याचा मोठा वाटा आहे. विक्रोळीच्या कामगाराला आज मिळणारं काम हे व्हर्नोनला पाठवलेल्या माणसांचं देणं आहे.

व्हर्नोनला गेलेल्या गटाचे प्रमुख नंबी नारायणन त्याआधी प्रिन्स्टनला शिकून आले होते. अग्निबाणाच्या ज्वलनावरचे मोठे जाणकार लुइजी क्रोको तिथे त्यांचे गुरू होते. द्रव इंधनाचा आग्रह नारायणन यांनी इस्रोत धरला तो या शिक्षणाच्या बळावर.

मागे गेलं तरी हेच दिसतं. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकन होता, आणि तो उडवणारी भारतीय पोरं काही महिने नासाच्या केंद्रांवर प्रशिक्षण घेऊन आलेली होती. अब्दुल कलाम त्यांच्यातलेच एक. विक्रम साराभाई केंब्रिजचे. इस्रोला आजचा आकार देणारे सतीश धवन मिनेसोटात आणि मग कॅलटेकमध्ये शिकले, १९५१ साली डॉक्टरेट घेऊन बंगळुरूला आले आणि तिथेच त्यांनी आयुष्य काढलं. त्यांच्यामागून रोद्दम नरसिंह कॅलटेकला गेले, धवनांचेही गुरू असलेल्या हान्स लीपमान यांच्या हाताखाली शिकले आणि परत आले. इथल्या कॉलेजांतून पुढे आलेल्या आजच्या पिढीला शिकवलं कोणी, तर या परतून आलेल्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी. सोमनाथ ज्या संस्थेत शिकले ती धवनांनी जवळजवळ दोन दशकं संचालक म्हणून घडवलेली होती. आपल्या स्वदेशी विद्येला ही पूर्वपीठिका आहे, आणि ती सांगितल्याने तिचा मान कमी होत नाही.

मराठी वाचकाने तर या बाबतीत आपलीच माणसं आठवावीत. कोल्हापूरकडचे विष्णु माधव घाटगे तीसच्या दशकात जर्मनीत गॉटिंगेनला गेले. आधुनिक वायुगतिशास्त्र ज्यांच्यापासून सुरू होतं त्या लुडविग प्रांटल यांच्याकडे त्यांनी १९३६ साली डॉक्टरेट केली. घाटगे परतले तेव्हा देशात विमानाचा कारखाना नव्हता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० च्या डिसेंबरात बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली, आणि त्या कारखान्याला आराखडे करणारा माणूस तयार मिळाला. भारतात आखलेलं आणि भारतात बांधलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली उडालं ते घाटग्यांच्या नेतृत्वाखाली. हवाई दलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यावर उडायला शिकल्या. पुण्याचे वसंत गोवारीकर बर्मिंगहॅमला डॉक्टरेट करून ब्रिटनमध्ये नोकरीत स्थिरावले होते. साराभाईंनी त्यांना थुंब्याला बोलावलं. घन इंधनाचं शास्त्र त्यांनी तिथे शून्यातून उभं केलं, आणि १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला तेव्हा विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक तेच होते. त्या अग्निबाणाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते.

या उदाहरणांवर उत्तर येतं की तो काळ वेगळा होता, तेव्हा इथे काहीच नव्हतं, आता सगळं आहे. पुस्तकं, व्याख्यानं, सॉफ्टवेअर, सगळं घरबसल्या मिळतं.

सगळं मिळत नाही. एरोस्पेस ही चाचणीची विद्या आहे. हवा पंखावरून कशी वाहते, कुठे सुटते, कुठे थरथरते हे संगणक सांगतो; पण संगणकाचं उत्तर बरोबर की चूक हे वातबोगदा सांगतो, आणि उंचीवर इंजिन कसं वागेल ते उंचीचं वातावरण निर्माण करणारा चाचणी-मंच सांगतो. कावेरी या लढाऊ विमानाच्या इंजिनाचा प्रकल्प आपण १९८९ साली मंजूर केला. मोठ्या उंचीवरच्या परिस्थितीत ते चालवून पाहायची सोय देशात नव्हती, म्हणून इंजिन रशियाला न्यावं लागलं. २०१० साली तिथेच इल्युशिन-७६ विमानाला जोडून ते प्रत्यक्ष हवेत चालवून पाहिलं. तोवर, २००८ सालीच, त्याला तेजस या लढाऊ विमानापासून वेगळं काढलेलं होतं. तेजस आजही अमेरिकन इंजिनावर उडतं. देशात तेव्हा आणि आताही हुशारीची कमी नाही. पाती, धातू, उष्णता आणि उंची यांचा एकत्र अनुभव घेतलेली माणसं कमी पडली.

फ्रान्सच्या आल्प्समध्ये मोदान इथे आठ मीटर व्यासाचा वातबोगदा आहे. डोंगरातून येणाऱ्या पाण्यावर त्याचे पंखे फिरतात, ८८ मेगावॉट ताकदीने, आणि आतल्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगापर्यंत जातो. ब्रसेल्सजवळच्या फोन कार्मान संस्थेत १९५६ पासून जगभरची पंचविशीतली मुलं येतात आणि स्वतःच्या हाताने बोगदे चालवतात. अवकाशातून परतणाऱ्या यानाच्या पृष्ठभागाला सोसावी लागणारी उष्णता तिथल्या प्लाझ्माच्या झोतात निर्माण केली जाते. गगनयानाची कुपी परत आणू पाहणाऱ्या देशाच्या विद्यार्थ्याने हे जवळून पाहू नये असं कोणत्या हिशेबाने म्हणायचं?

आपल्याकडे बोगदे आहेत. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचा १.२ मीटरचा बोगदा १९६७ पासून काम करतो आणि देशाच्या जवळजवळ प्रत्येक विमानाचं, अग्निबाणाचं प्रारूप त्यातून गेलेलं आहे. थिरुअनंतपुरमला इस्रोचा नवा बोगदा २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला. पण हे बोगदे प्रकल्पांसाठी आहेत आणि प्रकल्पांचीच तिथे रांग लागलेली असते. नाशिक किंवा नांदेडच्या कॉलेजातली एखादी मुलगी तिथे स्वतःचं प्रारूप घेऊन सहा महिने बसू शकत नाही. इथल्या कॉलेजांना पैसा द्या या सूचनेला माझा अजिबात विरोध नाही, द्याच, भरपूर द्या. पण मोठा वातबोगदा उभा करायला वर्षानुवर्षं लागतात आणि तो चालवणारी माणसं आधी कुठेतरी शिकून आलेली असावी लागतात. ती कुठून आणणार?

परदेशी तज्ज्ञ इकडे बोलवा, असं कोणी सांगतं. तोही प्रयोग आपण केला आहे. दुसऱ्या महायुद्धातले नावाजलेले जर्मन विमानरचनाकार कुर्ट टांक १९५६ साली आपल्या सहकाऱ्यांसह बंगळुरूला आले आणि १७ जून १९६१ रोजी मारुत हे लढाऊ विमान उडालं. विमान देखणं होतं, १९७१ च्या युद्धात लढलंही. पण त्याला हवं तसं ताकदीचं इंजिन कधी मिळालं नाही, टांक सदुसष्ट साली निघून गेले, आणि मारुतच्या पाठोपाठ यायला हवं होतं ते दुसरं लढाऊ विमान आलंच नाही. तेजस उडायला २००१ साल उजाडलं. बोलावलेला तज्ज्ञ एक विमान देतो. बाहेर शिकून आलेला आपला माणूस इथे तीस वर्षं राहतो आणि विद्यार्थी तयार करतो. धवन आणि टांक दोघेही पन्नासच्या दशकात एकाच शहरात काम करत होते. कोणाचं काम टिकलं ते समोर आहे.

मुलं परत येत नाहीत, हा आक्षेप सगळ्यात जुना. त्याला आधार आहे. अंतराळवीर कल्पना चावला कर्नालहून चंदीगडला आणि तिथून टेक्सासला गेल्या त्या परतल्या नाहीत, आणि त्या तिकडे जे झाल्या ते तेव्हा इथे होता आलं नसतं. पण एरोस्पेसमध्ये एक गोष्ट वेगळी आहे आणि ती या वादात फार क्वचित ऐकू येते. अमेरिकेत अग्निबाण, लढाऊ विमानं आणि काही उपग्रह हे सारं शस्त्रास्त्र-निर्यातीच्या कायद्याखाली येतं. नागरिकही नसलेल्या आणि ग्रीन कार्डही नसलेल्या माणसाला अशा कंपन्या सहसा कामावर घेऊच शकत नाहीत. तिथे एरोस्पेसची पदवी घेणाऱ्या भारतीय मुलांपैकी अनेकांना शेवटी गाड्यांच्या किंवा सॉफ्टवेअरच्या कंपनीत जावं लागतं. त्यातच २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेने काही नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. म्हणजे या विषयातल्या मुलाला तिकडे धरून ठेवणारी ताकद इतर विषयांपेक्षा कमी आहे. त्याला इथे काम मिळालं तर तो येईल. खासगी कंपन्यांना अवकाश क्षेत्र खुलं झाल्यापासून स्कायरूट आणि अग्निकुल यांच्यासारख्या कंपन्यांनी स्वतःचे अग्निबाण उडवून दाखवले आहेत. अशा मुलासाठी योग्य वेळ हीच आहे.

परक्या देशात अडवणूक होते म्हणून तिकडे जाऊच नये असं म्हणणाऱ्यांनी तेजसची कथा पूर्ण वाचावी. त्याच्या उड्डाण-नियंत्रणावर आपले इंजिनिअर अमेरिकेत लॉकहीड मार्टिनबरोबर काम करत होते. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुस्फोट झाले आणि त्यांना परत पाठवलं गेलं. उपकरणं तिकडेच राहिली. त्यांनी उरलेलं काम बंगळुरूला पूर्ण केलं आणि ४ जानेवारी २००१ रोजी तेजस पहिल्यांदा उडालं. उपकरणं अडवता येतात, सॉफ्टवेअर अडवता येतं. शिकलेल्या माणसाच्या डोक्यातलं ज्ञान सीमेवर काढून घेता येत नाही.

चीनचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. चिएन शुएसेन हा विद्यार्थी १९३५ साली शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेला आणि ब्रसेल्सजवळची संस्था ज्यांच्या नावाची आहे त्या फोन कार्मान यांचा कॅलटेकमध्ये आवडता शिष्य झाला. वीस वर्षं तो तिकडे होता. १९५० पासून अमेरिकेने त्याच्यावर संशय धरून त्याला पाच वर्षं अडकवून ठेवलं आणि १९५५ साली सोडलं. चीनने त्या एका माणसाभोवती अख्खं क्षेपणास्त्र-शास्त्र उभं केलं. वीस वर्षांनी आलेला माणूसही काय करू शकतो ते यातून कळतं, मात्र आल्याबरोबर त्याच्या हाती संस्था, पैसा आणि तरुण माणसं द्यावी लागतात.

आपण इथे कमी पडतो, आणि ही चूक जुनी आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार होता. करार पाळायला बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला गेले. त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही, कचेरीत शिपाई त्यांच्याकडे कागद फेकत, आणि त्यांना तिथून निघावं लागलं. कराराने त्यांना परत आणलं, पण त्यांना ठेवून घ्यायची त्या गावाची तयारी नव्हती. आजचा परतणारा संशोधक तो अपमान सोसत नाही, त्या दुःखाची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण त्याच्यासाठी पद नसतं, प्रयोगशाळा नसते, जाहिरात निघाली तर मुलाखत वर्षभराने असते. मग तो परतत नाही तेव्हा आपण त्यालाच कृतघ्न म्हणतो.

आता पैशाचा प्रश्न. गरीब राज्याने अशी चैन करू नये, असं बजावलं जातं. मला या आक्षेपाचा सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो गरिबाचं नाव घेऊन गरिबाचीच वाट बंद करतो. शिष्यवृत्ती नसली तर परदेशी जाणं थांबत नाही, फक्त पैसेवाल्यांची मुलं जातात. जर्मनीत आखेनसारख्या नामांकित तांत्रिक विद्यापीठात आजही शिकवणी शुल्क जवळजवळ नाही. पण व्हिसा हवा तर एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी बँकेत गोठवून दाखवावे लागतात. म्हणजे बारा लाखांच्या आसपास. सरकारी बँका साधारणपणे साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागतात. ज्याच्या बापाकडे गहाण टाकायला फ्लॅट किंवा बागायती जमीन आहे तो आखेनला जातो. ज्याच्या आईबापाने ऊसतोडीवर मुलाला शिकवलं, त्याला तेवढेच गुण असले तरी तो दारातूनच परततो.

आणि सरकार या कामावर उधळपट्टी करतं आहे असंही चित्र नाही. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा, आणि त्या सगळ्या विषयांना मिळून. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती देशभरात १२५ जणांची. २०२५ साली तिच्यात १०६ विद्यार्थी निवडले गेले आणि पहिल्या फेरीत पत्रं फक्त ४० जणांना मिळाली. बाकीच्यांना निधी उपलब्ध असेल तर मिळतील असं सांगण्यात आलं. विद्यापीठ प्रवेश राखून ठेवतं तो ठरलेल्या तारखेपर्यंतच. सप्टेंबरात सत्र सुरू झालं आणि पत्र नोव्हेंबरात आलं, तर त्या पत्राचा उपयोग काय? एवढ्या थोड्या जागा, आणि त्याही वेळेवर नाहीत.

काय करता येईल हे फार गुंतागुंतीचं नाही. इस्रोच्या थिरुअनंतपुरमच्या संस्थेतला एक विद्यार्थी धवनांच्या नावाच्या अभ्यासवृत्तीवर कॅलटेकला जातो. याच धर्तीवर महाराष्ट्राने एरोस्पेससाठी वेगळ्या जागा ठेवाव्यात. सगळ्यांना दोन वर्षांच्या पदवीची गरज नाही. ज्यांचं पीएचडीचं काम इथे चाललं आहे त्यांना सहा महिने मोदानला, डेल्फ्टला, तुलूझला चाचण्यांसाठी पाठवलं तरी फार मोठा फरक पडेल. थुंब्याच्या पहिल्या तुकडीला काही महिनेच पुरले होते. परतीची अट जरूर घालावी, पण ती एका कचेरीच्या नोकरीची नको. देशात कुठेही, सरकारी प्रयोगशाळेत, खासगी कंपनीत किंवा कॉलेजात, याच विषयात ठराविक वर्षं काम केलं की अट पुरी झाली असं धरावं. आणि निवडीच्या पत्राबरोबरच परतल्यावर संशोधन सुरू करायला लागणारी रक्कम लिहून द्यावी. मुंबईत आयआयटीचा एरोस्पेस विभाग आहे, पुण्यात संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा आहेत, वालचंदनगरला अग्निबाणांची आवरणं बनतात. परतलेल्या माणसाला बसायला जागा या राज्यात आहे.

यंदाच्या अर्थसंकल्पाआधी आपल्या आमदाराला एवढंच विचारा: परदेशी शिष्यवृत्त्यांत एरोस्पेससाठी किती जागा आहेत, निवडीची पत्रं जूनच्या आत मिळणार का, आणि परतलेल्यांपैकी किती जणांना राज्याने काम दिलं? उत्तर लेखी मागा.